सहा मजूर, नऊ दिवस: डी.एड.चं मानसशास्त्र वर्गात कुणी वापरलंय का?

खडूमास्तर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो. सतरा वर्षं झाली. मागच्या वर्षी डिसेंबरात सातवीला समप्रमाण-व्यस्तप्रमाण शिकवलं. प्रकरण झक्कास झालं. सरावसंचातली सगळी गणितं पोरांनी फळ्यावर येऊन सोडवली, अगदी शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा. मी खूश. जानेवारी संपता संपता सहज एक गणित घातलं: 8 मजूर एक काम 12 दिवसांत करतात, तर तेच काम 6 मजूर किती दिवसांत करतील?

निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर आलं, 9 दिवस.

म्हणजे दोन मजूर घरी बसले आणि काम तीन दिवस आधीच उरकलं! वह्या चाळल्या. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, मांडणी नीटनेटकी, उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा. फक्त रीत समप्रमाणाची लावलेली. स्टाफरूममध्ये नेहमीचंच ऐकायला मिळालं. पोरांचं लक्ष नसतं, मोबाइलनं वाट लावलीय, घरचे काही करून घेत नाहीत. असेलही. पण डिसेंबरात हीच पोरं हीच गणितं बरोबर सोडवत होती. तेव्हा त्यांना येत होतं, की येतंय असं मला वाटत होतं? हे काही डोक्यातून जाईना.

डी.एड.ला आम्हाला मानसशास्त्राचा पेपर होता. थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचा उंदीर, केळ्यासाठी काठीला काठी जोडणारा कोहलरचा चिंपांझी सुलतान. सज्जता, सराव, परिणाम हे तीन नियम आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. आता टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्राचे असतात, त्यामुळे नवी मंडळीही घोकतात. पण ते मांजर माझ्याबरोबर वर्गात कधी आलं नाही. टाचणात उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं लिहिली की आमचं मानसशास्त्र संपलं.

मे महिन्यात थोडं वाचन केलं. दोन प्रयोगांनी झोप उडवली. दोन्ही अमेरिकेतले, कॉलेजच्या मुलांवरचे.

पहिला रोडिगर आणि कार्पिके यांचा, 2006 सालचा. विद्यार्थ्यांना वाचायला उतारा दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं तपासलं तर पारडं फिरलेलं. वाचणारे 42, लिहून काढणारे 56.

दुसरा रोरर आणि टेलर यांचा, 2007 सालचा. चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं. एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची 89 टक्के बरोबर, मिसळवाल्यांची 60. आठवड्यानं परीक्षा घेतली: सलगवाले 20, मिसळवाले 63.

हे आकडे वाचले आणि आमचा सरावसंच डोळ्यांपुढे आला. वर प्रकरणाचं नाव, 'व्यस्तप्रमाण' शिकवून झालेलं, खाली सगळी गणितं व्यस्तप्रमाणाची. कुठली रीत लावायची हे पोराला ठरवावंच लागत नाही, ते वरच्या शीर्षकानं ठरवून टाकलेलं असतं. मी सोडवायला शिकवलं होतं, ओळखायला शिकवलंच नव्हतं. मिसळलेली गणितं पुस्तकात असतात, संकीर्ण प्रश्नसंग्रहात. पण तिथवर पोचेपर्यंत परीक्षा तोंडावर येते आणि मग आपण म्हणतो, 'हे घरी करा.'

तर जूनपासून असं चाललंय. तास सुरू झाला की पहिली सातेक मिनिटं तीन प्रश्न. एक कालचा, एक पंधरवड्यापूर्वीचा, एक जुन्यात जुना. पुस्तक दप्तरात, उत्तर वहीच्या मागच्या पानावर. गुण नाहीत, सही नाही, नोंद नाही. नंतर मी फळ्यावर सोडवतो, ज्यानं त्यानं आपलं आपण तपासायचं.

पहिले पंधरा दिवस हाल झाले. "सर, हे तुम्ही शिकवलंच नव्हतं," ही अख्ख्या वर्गाची तक्रार. कायम पहिल्या पाचांत असणारी एक मुलगी रडवेली झाली. "घरी सगळं येत होतं मला," म्हणाली. खोटं बोलत नव्हती ती. घरी पुस्तक उघडं होतं.

अजून कुणी असलं काही करून बघितलंय का? फसलं असेल तर ते आधी सांगा.

जुना पाटीवाला

मास्तर, धागा आवडला. पण यात नवीन ते काय? आमच्या गुरुजींना ना मांजर माहीत होतं ना सुलतान. दिवेलागणीला घरोघरी परवचा, शनिवारी सकाळच्या शाळेत उजळणी, पावकीपासून अडीचकीपर्यंत अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ. आजही पाऊणकी विचारा, सांगतो. अमेरिकेला 2006 साली कळलं ते आमच्या खेड्यात मी चड्डीत असतानाच चालू होतं. बाकी चालू द्या.

खडूमास्तर

काका, मान्य. रोज पुस्तक न बघता आठवायचं, याहून वेगळं मी काहीच करत नाहीये. फरक असलाच तर दोन ठिकाणी आहे. परवचा सगळे एका सुरात म्हणायचे. सूर लागला की शेजारच्याच्या आवाजावर आपला पाढा तरंगत जातो, आणि ज्याला येत नाही तो नुसते ओठ हलवतो. गुरुजींना वाटतं वर्ग तयार झाला. दुसरं म्हणजे 'तेराचा म्हण' असं सांगितलं की पाढा कुठला ते कळलेलंच असतं. मजुरांच्या गणितात तेवढंच कुणी सांगत नाही.

आणि एक विचारू? चुकलं की छडी होती का?

जुना पाटीवाला

होती. पाऊणकीनं दोनदा खाल्ली आहे. म्हणूनच लक्षात राहिली, असं आमची आई म्हणायची.

दोन डब्यांची आई

वाचनखूण साठवली. मास्तर, तुमची ती रडवेली मुलगी आमच्या घरी राहते. लेक आठवीत. तिच्याकडे चार रंगांचे हायलायटर. व्याख्येला पिवळा, सनावळीला गुलाबी, 'महत्त्वाचं'ला हिरवा, 'फारच महत्त्वाचं'ला निळा. विज्ञानाचं पान बघितलं तर रंगपंचमी. एक ओळ पांढरी सोडलेली नाही. परवा म्हणाली, "आई, झालं माझं पाठ." मी पोळ्या लाटत होते, तिथूनच विचारलं, सांग बघू धातू आणि अधातूत फरक. दोन मुद्दे आले आणि मग, "थांब, पानाच्या डाव्या बाजूला खाली आहे ते, हिरव्या रंगात."

उत्तर कुठे आहे ते तिला पक्कं माहीत होतं. काय आहे तेवढं सोडून!

मी पुस्तक काढून घेतलं तर भांडण. म्हणे तू उलटसुलट विचारतेस, बाई असं विचारत नाहीत. आता काय करू?

मनमोकळी

मी शालेय समुपदेशक आहे, त्यामुळे राहवत नाही.

ताई, लेकीचं चुकत नाहीये, फसगत होतेय. पान दुसऱ्यांदा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि 'ओळखीचं वाटतंय' यालाच मेंदू 'मला येतंय' असं समजतो. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं, या दोनच पद्धतींना वरचा दर्जा मिळाला. भांडण टाळायचं तर तुम्ही विचारू नका. तिला म्हणा, पुस्तक मिटून मला शिकव, मला धातू-अधातू काही आठवत नाही. पोळ्या लाटता लाटता चालेल.

मास्तर, तुम्हाला एक इशारा. मानसशास्त्राच्या नावाखाली वर्गात कचराही पुष्कळ येतो. प्रशिक्षणांत हमखास सांगतात की हे मूल दृक्, ते श्राव्य, ते कृतीतून शिकणारं, ज्याला जसं झेपतं तसं शिकवा. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये यावरचं संशोधन चाळलं, तेव्हा असं वाटून शिकवल्यानं मुलं जास्त शिकतात याला धड पुरावा सापडला नाही. तरी तक्ते छापले जातातच.

दुसरी लाडकी गोष्ट रोझेन्थाल आणि जेकबसन यांची, 1968 ची. शिक्षकांना सांगितलं की ही अमुक मुलं यंदा चमकणार. नावं खरं तर अशीच काढलेली. वर्षाअखेर त्या मुलांची बुद्ध्यंक चाचणीतली वाढ जास्त दिसली. भाषणात टाळ्या घेणारा किस्सा. पण ठळक फरक फक्त पहिली-दुसरीत होता आणि चाचण्यांवर तेव्हाच सडकून टीका झाली होती, हे भाषणात कुणी सांगत नाही. शिक्षकाच्या अपेक्षेनं काहीच होत नाही असं मी म्हणत नाहीये. 'ढ' हे अक्षर किती पोरांना जन्मभर चिकटलं ते मी रोज ऐकते. पण चमत्कार नको.

एक साधं विचारते. वर्गात प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? मेरी बड रो यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंदांवर गेले की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी बोलायला लागली.

खडूमास्तर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून गुरुवारी फोन टेबलावर ठेवून स्वतःचाच तास रेकॉर्ड केला. रात्री ऐकला. लाज वाटली. एक सेकंद हा उदार आकडा आहे. मी प्रश्न विचारतो, आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तराचं पहिलं अक्षर मीच देतो. "याला म्हणतात व्य... व्य... व्यस्त...?" आणि सगळा वर्ग, "प्रमाऽऽण!" मी "शाब्बास!" कशाला शाब्बास?

शुक्रवारी ठरवलं, मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल' म्हणायचं. दुसऱ्या विठ्ठलापाशी माझाच जीव वरखाली. वर्गातली शांतता मास्तरला सोसत नाही हो. तिसरा विठ्ठल झाला आणि खिडकीजवळचा एक मुलगा, जो हजेरीशिवाय बोलत नाही, तो म्हणाला, "सर, माणसं कमी म्हणजे दिवस वाढतील ना?" आकडा सांगितला नाही त्यानं. पण 9 दिवस लिहिणाऱ्या कुणाच्याही डोक्यात हे वाक्य आलं नव्हतं.

शंकासुर

धागा रोचक, पण काही शंका.

1. हे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवरचे. आपल्या साठ-साठ पोरांच्या वर्गाशी त्यांचा संबंध काय?
2. पस्तीस मिनिटांच्या तासातली सात मिनिटं म्हणजे पाचवा भाग गेला. पोर्शन कोण संपवणार?
3. मास्तरांचा अनुभव म्हणजे एक शाळा, एक वर्ग आणि खुद्द मास्तरांचंच मत. याला पुरावा म्हणायचं का?

खडूमास्तर

तिसऱ्यापासून घेतो. नाही म्हणायचं. मी तुलनेला दुसरा वर्ग ठेवलेला नाही, आणि नवीन काही करताना मास्तरलाच हुरूप येतो, त्याचाही परिणाम असेल.

पहिल्याला मात्र उत्तर आहे. त्याच रोररनी पुढे शाळांमध्ये जाऊन प्रयोग केला, 2020 मध्ये छापून आला. फ्लोरिडातले 54 वर्ग, 787 मुलं, आणि इयत्ता सातवी! गृहपाठाचे कागद काही महिने निम्म्या वर्गांना मिसळलेले, निम्म्यांना बहुतेक सलग. महिन्याभरानं न सांगता परीक्षा. मिसळवाले 61 टक्के, सलगवाले 38. फ्लोरिडा म्हणजे आपला तालुका नव्हे हे खरं, पण निदान ही कॉलेजची पोरं नव्हेत.

पोर्शन. इथं तुमचा नेम बरोबर बसलाय. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी एक अख्खं प्रकरण मागे होतो. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं. पुढे उजळणीला दरवर्षी जे दोन-तीन आठवडे जातात ते यंदा कमी लागले, म्हणून गाडी रुळावर आली. काठावर आली, एवढंच म्हणतो.

आणि फसलेलं आधी सांगा म्हणालो होतो, माझं मीच लपवून बसलोय. ऑगस्टमध्ये मला अवदसा आठवली. ज्यांचे तिन्ही प्रश्न बरोबर येतील त्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लागलो, आठवड्याला एक पेन बक्षीस. दहा दिवसांत मागची पानं एकसारखी दिसायला लागली. खाडाखोडसुद्धा सारखी! आधी जी पोरं चुकीचं का होईना आपलं लिहायची, ती आता शेजाऱ्याकडे बघून लिहायची. नावं पुसली तरी ते जायला दिवाळी उजाडली.

मनमोकळी

पेनावरून आठवलं. 1973 मध्ये लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता, तोही पेनांचाच! ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळात आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी कबूल करून बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी पेनांना कमी हात लावला. तुमची पोरं आधी काय येतंय ते बघण्यासाठी लिहीत होती, नंतर पेनासाठी.

सातपुडा

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. त्यातला एक बहुतेक वेळा कुठल्या तरी बैठकीला. शाळेचं नाव सांगत नाही, आयडीवरून अंदाज येईलच.

मास्तरांचे तीन प्रश्न वाचून हसू आलं, रागावू नका. माझ्या पोरांची घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. "रमेशकडे 15 पेरू होते, त्यांपैकी 6 त्याने मित्राला दिले, तर त्याच्याकडे किती पेरू उरले?" यात गणित केवढं, तर पंधरातून सहा. पण 'त्यांपैकी' म्हणजे काय, 'त्याने' म्हणजे कुणी, 'त्याच्याकडे' म्हणजे रमेशकडे की मित्राकडे, हे सोडवता सोडवताच पोर दमतं. माणसाच्या डोक्यात एका वेळी नव्या गोष्टी मावतात चारेक. माझ्या पहिलीतल्या पोराच्या चारही जागा त्या वाक्यानंच भरल्या, पंधरातून सहा ठेवायचे कुठे? आणि मूल्यमापनात शेरा काय पडणार, तर 'वजाबाकी येत नाही'.

मी काय करतो तर आधी पुस्तक बंद. पंधरा खडे, दोन पोरं उभी. एकानं सहा खडे दुसऱ्याला द्यायचे, बोलणं त्यांच्या बोलीत. मग तेच आकड्यांत पाटीवर. शेवटी पुस्तकातलं वाक्य, आणि त्यातला कुठला शब्द म्हणजे कुठला पोरगा ते बोटानं दाखवायचं. याला पुस्तकात काय नाव आहे माहीत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी भागात, कोसबाडला गेल्या तेव्हा पोरं शाळेत येईनात, कारण गुरं राखायची होती. म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. मूल जिथं आहे तिथून सुरू करायचं, एवढं मला त्यातून कळलं.

आता वर्णनात्मक नोंदींचं, म्हणजे मूल्यमापनात प्रत्येक मुलाबद्दल लिहायच्या शेऱ्यांचं. इस्रायलमध्ये बटलर यांचा 1988 चा प्रयोग आहे. मुलांना कामावर नुसता शेरा दिला तर पुढचं काम सुधारलं. शेऱ्याबरोबर गुणही दिले तर शेऱ्याचा फायदा गेला. म्हणजे आपल्या आकारिक मूल्यमापनातल्या नोंदींमागचा विचार चांगलाच आहे. पण प्रत्यक्षात व्हॉट्सॅपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते आणि राज्यभरातली पोरं एकाच भाषेत 'परिसरातील घटकांविषयी आस्थेने माहिती घेतो'.

दोन डब्यांची आई

सातपुडा, ती आस्थेनं माहिती घेणारी माझ्याच घरी आहे. निकालपत्रात अक्षरशः हेच वाक्य.

रविवारची मराठी

न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या शाळेत शिकवते. आठवड्यातून एकदा, दीड तास. अंतर टाकून सराव म्हणाल तर सक्तीचाच, मधल्या सहा दिवसांत मराठी जवळपास शून्य. मी दर रविवारी मागच्या आठवड्याचं आधी 'सांगून' घ्यायचे, म्हणजे मीच सांगायचे. परवा फळा कोरा ठेवला आणि म्हटलं, मागच्या वेळचं जे आठवतंय ते लिहा. एका मुलानं लिहिलं, 'चकली'. खाऊ होता तो. धडा कुणालाच आठवला नाही. वाईट वाटलं, पण खरं काय ते निदान कळलं. वाचतेय, लिहीत राहा.

जुना पाटीवाला

एवढं सगळं चाललंय तर मास्तर, त्या तीन प्रश्नांचा नमुना तरी टाका. बघू आमची पाटी अजून शाबूत आहे का.

खडूमास्तर

घ्या काका, परवाचेच. कागद-पेन घ्या, वर शीर्षक नाही.

(अ) 6 वह्यांना 150 रुपये, तर तशाच 10 वह्यांना किती?
(आ) 8 मजूर 12 दिवस, तर 6 मजूर किती दिवस?
(इ) 18 लिटर आणि 24 लिटर दुधाचे दोन कॅन आहेत. दोन्हींतलं दूध पूर्ण मोजता येईल असं मोठ्यात मोठं माप किती लिटरचं?

जुना पाटीवाला

हे काय, तोंडी केले. 250 रुपये. 16 दिवस. आणि 72 लिटर.

दोन डब्यांची आई

काका, 72 लिटरचं माप 18 लिटरच्या कॅनमध्ये बुडवायचं कसं?

जुना पाटीवाला

अरेच्चा! 6. मसावि काढायचा होता, लसावि काढून बसलो. 'मोठ्यात मोठं' वाचलं आणि मोठा आकडा धरला. नात शेजारी बसून बघतेय, ती हसायची थांबत नाही.

खडूमास्तर

काका, खाडाखोड राहू द्या तशीच. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारतो.